सुगरणीची पसंती

आमच्या चिरंजीवांच्या लग्नाचं घाटत आहे. म्हणजे घाटत आहे ते आमच्या मनात. तो स्वतः "बघा तुम्ही" एवढंच म्हणतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. तेव्हा बघायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. पूर्वीसारखी फोटोंची आणि पत्रिकांची चळत आता टेबलावर पडत नाही. वधू-वर मंडळातल्या बाई रोज रात्री फोनवरच चार-पाच स्थळं पाठवतात. वर फोटो, खाली माहिती. जेवणं आटोपली, ओटा पुसला, विरजण लावलं, की मी चष्मा चढवून बसते आणि एकेक स्थळ अंगठ्यानं पुढं सरकवते.

जूनमधल्या अशाच एका रात्री एक फोटो आला आणि मी तो लगेच पुढं ढकलला.

"का गं? काय झालं त्या मुलीला?" शेजारी पेपर वाचत बसलेल्या ह्यांनी विचारलं.

"काही नाही. सहज."

"काय करते ती?"

मला सांगता येईना. सांगणार कशी? खालची माहिती मी वाचलीच नव्हती. मी नुसता फोटो बघितला होता, आणि मुलगी सावळी होती.

हे काही बोलले नाहीत. पेपरची घडी केली आणि झोपायला गेले. पण मला काही झोप लागली नाही. कारण १९८९ साली असंच एका घरून माझ्याबद्दल पोस्टकार्ड आलं होतं. 'मुलगी सर्व दृष्टींनी योग्य आहे, परंतु वर्णाने सावळी असल्याने योग दिसत नाही.' आईनं ते कार्ड तांदळाच्या डब्याखाली लपवलं होतं आणि तांदूळ निवडायला घेताना नेमकं माझ्याच हाती लागलं. त्यानंतर महिनाभर आईनं मला साय, हळद आणि डाळीचं पीठ चोळलं. उपाय कुठल्याशा साप्ताहिकातलाच होता, म्हणून सांगते! वर्ण होता तिथंच राहिला. पुढं ह्यांच्या घरी मी पसंत पडले, संसार सुखाचा झाला. पण ते कार्ड मी विसरले नाही. आपल्या घरात सून आणताना आपण असं कधी करायचं नाही, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

आणि आता? कार्ड लिहिणाऱ्या त्या बाईला निदान माझ्या घरी येऊन, पोहे खाऊन, चार प्रश्न विचारून नाही म्हणावं लागलं होतं. मला एक क्षणही लागला नव्हता.

ही टोचणी घेऊनच श्रावणात मी माहेरी गेले. माहेर माझं अलिबाग तालुक्यात. दादा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाला, आता वहिनी आणि तो घर सांभाळतात. मागच्या अंगणात विहीर, विहिरीवर वाकलेली शिंदी आणि पलीकडे भाताची खाचरं. त्या शिंदीवर दर पावसाळ्यात सुगरणींची वसाहत असते. लहानपणी मी ती हजारदा पाहिली असेल. पण पाहिली म्हणजे नुसती घरटी पाहिली. या खेपेला सकाळचा चहा घेऊन दादाबरोबर पायरीवर बसले आणि दोन तास उठले नाही.

पहिला धक्का दादानं तिथंच दिला. "घरटं विणते ती सुगरण, असं तू समजतेस ना? अगं, विणतो तो नर."

बाई गं! नाव आपण दिलं बाईचं, शाळेतल्या कवितेतली सुगरणही आईच, स्वयंपाकात हात असलेल्या बाईला आपण सुगरण म्हणतो. आणि इथं सगळं विणकाम पुरुषाचं! दादा दाखवत गेला तसं दिसायला लागलं. पिवळ्याधमक डोक्याचा, गालांवर गडद तपकिरी बुरखा घेतल्यासारखा तो नर. भाताच्या पात्याच्या कडेला चोचीनं एक खाच पाडायची, तो तुकडा चोचीत धरायचा आणि उडायचं, की पात्याची लांबलचक सळसळीत पट्टी सुटून येते. अशा एका घरट्यासाठी तो पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो. घरटी झाडाच्या बहुधा पूर्वेकडच्या बाजूला असतात, म्हणजे नैऋत्येच्या पावसाचा मारा कमी बसतो. आतून तो ओल्या मातीचे गोळे थापतो. आमची आजी सांगायची, की सुगरण त्या चिखलात काजवे खोचते आणि घरात दिवा लावते. दादा म्हणाला, चिखल खरा, काजवे गोष्टीतले.

आणि ते पिवळं डोकंसुद्धा बारा महिन्यांचं नाही. विणीचा हंगाम संपला की पिसं बदलतात आणि नर पुन्हा मादीसारखाच, चिमणीच्या रंगाचा दिसायला लागतो. पिवळा रंग म्हणजे जणू मुंडावळ्याच. 'मी नर आहे, यंदा घर मांडायला तयार आहे', एवढं दुरून सांगण्यापुरता.

खरी गंमत पुढं. नर घरटं एकदम पुरं करतच नाही. आठेक दिवसांत ते अर्धं होतं, उलट्या टांगलेल्या शिरस्त्राणासारखं, आणि तिथं तो थांबतो. मग माद्या येतात. आम्ही बसलो होतो तेव्हा दोघी-तिघी आल्या आणि झाडावर एकच गलका उडाला. सगळे नर आपापल्या घरट्याला लोंबकळून पंख फडफडवायला लागले, 'इकडे या, इकडे या' असंच जणू. त्यातली एक आली, एका घरट्यात शिरली, आत इकडेतिकडे चोच मारून पाहिलं, बाहेर आली, दुसऱ्यात शिरली, तिथूनही बाहेर आली आणि सरळ उडून गेली. ते दोन नर बिचारे तसेच लोंबकळत राहिले.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "कांदेपोहे कोण खातंय ते?"

पसंत पडलं तर मादी तिथं राहते. मग नर उरलेलं घरटं आणि ती लांब नळी पुरी करतो. आपल्याकडे ही सगळी हकिगत बारकाईनं नोंदवली ती डॉ. सलीम अलींनी, आणि तीही आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर, किहीमला! १९३० साली ते जर्मनीतून शिकून परतले होते, हाताला नोकरी नव्हती, म्हणून किहीमला येऊन राहिले होते. तिथं त्यांनी या पक्ष्यांवर पाळत ठेवली आणि पुढच्या वर्षी निबंध प्रसिद्ध केला. एका मादीनं घरटं पत्करलं, ते पुरं झालं, की नर लगेच दुसरं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो, हे त्यांनी दाखवून दिलं. दोन ते चार अंडी, ती उबवण्याचे चौदा ते सतरा दिवस, हे मादी एकटीच बघते. पिलांना भरवण्याचा भारही बहुतेक तिच्यावरच.

"म्हणजे घर बांधून दिलं की साहेब मोकळे!" कढीपत्ता तोडायला आलेल्या वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यांचं कौतुक सांगताय?"

"पाखरांकडून नीती शिकायची नसते," दादा हसून म्हणाला. "ती कशी निवडतात एवढंच बघायचं."

तर ती मादी निवडते कशी? पिवळं डोकं तर तिथल्या सगळ्याच नरांना होतं. पुढच्या अभ्यासकांना असंही दिसलं, की घरट्याच्या विणीपेक्षा ते टांगलं कुठं आहे याला मादी जास्त महत्त्व देते. सापाला, कावळ्याला सहज पोचता येणार नाही असं आहे का, वाऱ्यापावसात टिकेल का? म्हणजे रंग बघून ती झाडापाशी येते. पण होकार देते तो आत शिरून, चोच मारून पाहिल्यावर. मला माझा अंगठा आठवला. मी झाडापाशीसुद्धा गेले नव्हते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी दादाला त्या फोटोबद्दल सांगून टाकलं. मला वाटलं रागावेल. तो म्हणाला, "दिसण्यावर जाणं हा काही तुझ्या एकटीचा दोष नाही. सगळं प्राणिजगत त्यावर चालतं." आणि मग त्याच्यातला मास्तर जागा झाला.

मादीला स्वतःची आवड असते आणि त्या आवडीमुळेच नराचे झळाळते रंग, लांब पिसारे पिढ्यान् पिढ्या वाढत गेले, हे डार्विननं १८७१ सालच्या ग्रंथात मांडलं. पण तेव्हाच्या पुष्कळ विद्वानांना ते पटेना. नर एकमेकांशी झुंजतात हे त्यांना मान्य होतं. पण मादी, आणि ती पसंत-नापसंत करते? उत्क्रांतीच्या शोधात डार्विनचा जोडीदार असलेल्या वॉलेसनंही ते मानलं नाही. मला यात फारसं नवल वाटलं नाही. बाईला मत असतं हे पटायला माणसांना नेहमीच वेळ लागतो!

पुरावा मिळायला शंभरावर वर्षं गेली. आफ्रिकेत विडोबर्ड नावाचा एक काळा पक्षी आहे, नराची शेपटी जवळजवळ अर्धा मीटर. माल्टे आंदरसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं केनियात छत्तीस नर पकडले. काहींची शेपटी कापून वीतभर ठेवली आणि तो कापलेला तुकडा दुसऱ्यांच्या शेपटीला डिंकानं चिकटवून ती आणखी लांब केली. काहींची नुसती कापून होती तशी परत चिकटवली, म्हणजे कात्रीचा परिणाम कळावा. १९८२ साली त्यानं निष्कर्ष छापला : ज्यांची शेपटी चिकटवून लांब केली त्यांच्या हद्दीत सर्वांत जास्त माद्यांनी घरटी केली.

"पण नर तर तेच होते ना?" मी विचारलं.

"तेच. तेवढेच सशक्त, तेवढेच अशक्त. फक्त डिंक लावलेला."

मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली. हल्ली मंडळाकडून येणाऱ्या फोटोंतल्या मुली तरी खऱ्या कुठं तेवढ्या गोऱ्या असतात? फोनमध्येच रंग उजळून मिळतो म्हणे. डिंकच की तो!

अर्थात खूण दरवेळी खोटीच असते असं नाही. आमच्या त्या विहिरीत ग्रामपंचायतीनं डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत. या माशांचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेकडचं. नराच्या अंगावर नारिंगी ठिपके असतात, आणि पुष्कळ ठिकाणच्या माद्यांना ठसठशीत नारिंगी नर आवडतो. त्या नारिंगी रंगाला लागणारं द्रव्य माशाच्या शरीरात तयार होत नाही. ते शेवाळासारख्या खाण्यातून मिळवावं लागतं. म्हणजे झगझगीत ठिपका हा एका अर्थी 'मला पोटभर मिळतं' असा दाखला झाला. पण त्याची किंमतही असते. त्रिनिदादच्या ज्या ओढ्यांत या माशांना खाणारे मोठे मासे जास्त, तिथले नर फिके राहतात. उठून दिसला तो आधी गिळला जातो!

आणि याच गप्पींच्या बाबतीत दादानं जे पुढं सांगितलं ते माझ्या जिव्हारी लागलं. १९९२ साली अमेरिकेत ली ड्युगॅटकिन यांनी प्रयोग केले. एका मादीला दोन नर दाखवले. त्यातल्या एकापाशी दुसरी मादी असलेली तिला दिसेल अशी व्यवस्था केली. मग ती दुसरी काढून घेतली आणि पहिलीला मोकळं सोडलं. तर ती त्या 'पसंत पडलेल्या' नराकडे जायला लागली. आधी तिनं दुसरा पसंत केलेला असला तरीसुद्धा! शेजारणीनं घेतली म्हणून तसलीच साडी, तसाच मिक्सर आणि तशीच गोरी सून. आपण समजतो आवड आपली. ती असते दुसऱ्याची, बघून घेतलेली.

"आणि लहानपणी बघून घेतलेली तर सर्वांत घट्ट," दादा म्हणाला. जर्मनीत क्लाउस इमेलमन या शास्त्रज्ञानं झेब्रा फिंच जातीच्या पक्ष्यांची अंडी मुनियांच्या जातभाई असलेल्या एका पाळीव पक्ष्यांच्या घरट्यात ठेवली. पिलं त्या परक्या आई-बापांनी वाढवली. मोठी झाल्यावर या नरांपुढं स्वतःच्या जातीची मादी आणि पालक आईच्या जातीची मादी अशा दोघी ठेवल्या, तर ते प्रियाराधन करायला गेले पालक आईच्या जातीकडे. घरट्यात डोळे उघडल्यावर जे रूप समोर दिसलं तेच मनात बसलं. हा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला.

मी गप्पच झाले. मी डोळे उघडल्यापासून काय पाहिलं होतं? आत्या आली की बाळाचा कान मागून बघून रंग सांगायची. धाकटी बहीण जन्मली तेव्हा "दुसरीही सावळीच" म्हणून दारातच झालेली कुजबुज. साय-हळद लावणारी आई. आईचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही, ती स्वतःही सावळीच होती. पण तिच्या डोळ्यांतून जे माझ्या डोळ्यांत उतरलं ते पोस्टकार्डानं पुसलं गेलं नाही. उलट घट्ट झालं असावं. ज्या बाईनं मला नाकारलं, तिचेच डोळे लावून मी त्या मुलीकडे बघितलं होतं.

"मग आता उपाय?" मी विचारलं.

"पाखराला आपले डोळे कुठून आले ते कळत नाही," दादा म्हणाला. "तुला कळलंय. एवढा फरक पुरे आहे."

घरी परतल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे तो फोटो शोधला. या वेळी खालची माहिती आधी वाचली. एम.कॉम., एका सहकारी पतसंस्थेत नोकरी, आई-वडिलांची एकुलती एक, पोहण्याची आवड. चिरंजीवांना दाखवलं. "बरी वाटते की," तो म्हणाला. मी फोन केला. फोन करताना एक गोष्ट ठरवून केली. त्यांना म्हटलं, आम्ही येतोच. पण आधी तुम्ही मुलीला घेऊन आमच्याकडे या. तिला घर बघू दे.

ती आली. फोटोपेक्षा खूपच तरतरीत, बोलकी मुलगी. पोहे मी केले. आणि तिनं अक्षरशः चोच मारून पाहिलं! गच्चीवर गेली, स्वयंपाकघर पाहिलं, चिरंजीवांशी पाऊण तास बोलली. मला विचारलं, "काकू, यांची बदली किती वर्षांनी होते? आणि माझे आई-बाबा थकले तर त्यांना इथं ठेवून घेता येईल का?" असे प्रश्न आमच्या वेळी कुणी मनातसुद्धा आणले नव्हते. मी खरं काय ते सांगितलं : बदली तीन-चार वर्षांनी होते, आणि आई-बाबांच्या बाबतीत आम्ही अजून विचार केलेला नाही, पण करू.

मी तर मनातल्या मनात तिच्यासाठी साडीचा रंगही ठरवला.

दहा दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. अतिशय नम्रपणे बोलले. माणसं आवडली, मुलगाही आवडला. पण नोकरी सोडून दर तीन वर्षांनी गाव बदलणं आणि आई-वडिलांपासून लांब जाणं तिला जमणारं नाही. योग नाही.

खरं सांगू? आधी मला राग आला. 'आम्ही एवढं मोठं मन केलं आणि हिनं नाही म्हणावं!' असं अगदी ओठांवर आलं. ते ऐकून माझं मलाच दचकायला झालं. मोठं मन कसलं? तिला बोलावून मी तिच्यावर उपकार केले, असं कुठंतरी आत वाटतच होतं तर! सावळ्या मुलीनं होकाराबद्दल ऋणी राहावं, हाही त्या जुन्या डोळ्यांचाच भाग. तो निघायला आणखी दहा दिवस लागले.

आता राग नाही. तिनं रंग बघितला नाही, पगार बघितला नाही. फांदी कुठली आणि किती टिकणार, हे बघितलं आणि उडून गेली. नकार मिळाला, पण माझ्या त्या पोस्टकार्डासारखा नाही. कारण खरं होतं आणि तोंडावर सांगितलेलं होतं. तिच्या प्रश्नामुळं आमच्या घरात एक बोलणंही निघालं. सुनेच्या आई-वडिलांचं काय, यावर हे, मी आणि चिरंजीव पहिल्यांदाच तासभर बोललो. दोन्हीकडच्या आई-वडिलांची सोय होईल असं बघायचं, हे आता ठरलं आहे. बदलीचंही तो साहेबांशी बोलणार आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कुणाचं बघणं चालू असेल. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, पण हल्ली मी काय करते ते सांगते. स्थळ आलं की फोटोवर हात ठेवते आणि खालची माहिती शेवटपर्यंत वाचते. 'नको' म्हणावंसं वाटलं तर 'का' ते ह्यांना मोठ्यानं सांगते. जे कारण मोठ्यानं सांगायची लाज वाटते, ते कारण धरत नाही. आणि बहिणीची नात घरी आली की तिच्या देखत कुणाच्या रंगाविषयी बोलत नाही. तिचे डोळे अजून उघडताहेत.

परवा दादाचा फोन आला होता. त्या दिवशी नापसंत झालेल्या दोन नरांपैकी एकानं शेजारच्या फांदीवर, विहिरीच्या अगदी मध्यावर, नवं घरटं घातलंय म्हणे. मी चिरंजीवांना सांगितलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "आई, मग मीही पात्या आणायला लागू का?"

लाग बाबा. पाचशे फेऱ्या आहेत.